सुटका झाली होती

काचीगुडा, हैदराबाद
१२ जून १९९४

सत्याक्का,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून हे पत्र फाडून टाकावंसं वाटेल तुला. टाक, पण आधी वाच. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहिते आहे.

ओमू जिवंत आहे.

माझा भाऊ ओमकार, ज्याच्या हातून तुझे नामदेवराव गेले. जो पागलखान्यात पटकीनं मेला, तिथल्यांनीच त्याला अग्नी दिला, असं आमच्या थोरल्या एकनाथदादानं एक्याऐंशी साली घरी येऊन सांगितलं. ज्याचा आम्ही तेरावा केला. तो ह्याच शहरात आहे, माझ्या दारातून बसनं तासाभराच्या अंतरावर.

परवा दुपारी मी डाळ निवडत बसले होते. दारात एक मुलगी आली. मेधा तिचं नाव, वकील आहे, विद्यानगरात राहते. म्हणाली, "ओमकार तुमचे कोण?"

मी म्हणलं, "भाऊ होता."

"होता नाही. आहेत."

मनोरुग्णांसाठी नवा कायदा लागू झालाय, त्यामुळे कायदेशीर मदत देणाऱ्यांबरोबर ती पागलखान्यातले वॉर्ड बघायला गेली होती. एक माणूस तिच्याशी मराठीत बोलला. त्यानं काचीगुड्यातल्या आपल्या जुन्या घराचा पत्ता सांगितला. घर तर आम्ही केव्हाच विकलं, पण समोरच्या किराणावाल्यानं तिला आमच्या रेल्वे क्वार्टरची वाट दाखवली.

मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, अक्का. मग तिनं विचारलं, "तुमच्या भावाला शिक्षा किती झाली होती?"

"जन्मठेप."

ती म्हणाली, "शिक्षा झालीच नव्हती. एकोणऐंशी सालीच कोर्टानं त्यांना बरी केलं, म्हणजे निर्दोष ठरवलं. आपण काय करतोय हे कळण्याची ताकदच त्या वेळी त्यांच्यात नव्हती, म्हणून ते गुन्हेगार नाहीत, असा फैसला आहे."

"मग तो आत का आहे?"

"तेच विचारायला मी आलेय," ती म्हणाली.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. मला काही सुचत नाही, एवढंच.

त्रिवेणी


नांदेड
२१ जून १९९४

त्रिवेणी,

पत्र फाडलं नाही. सुजातानं पोस्टमनकडून घेऊन माझ्या हातात दिलं आणि माझा चेहरा पाहून तिथंच उभी राहिली. तिलाही वाचायला दिलं. ती आता इथल्या कॉलेजात शिकते, लहान राहिलेली नाही.

गुन्हेगार नाही म्हणे. मग नामदेवराव कशानं गेले? जिन्यावरून पाय घसरून?

मला तुझ्या दादानंच जन्मठेप सांगितली होती. मी कोर्टात कुठं होते? वडील मला आणि चार वर्षांच्या सुजाताला घेऊन नांदेडला आले, ते पुन्हा मी हैदराबादचं तोंड पाहिलं नाही. जन्मठेपेचं कळलं तेव्हा वडील म्हणाले, चला, न्याय झाला. पुढं तो मेल्याचं कळलं. खरं सांगू? त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आजारी होता, ते मला नको सांगूस. आम्ही तुमच्याच माडीवर राहत होतो. भिंतीतल्या तारा बोलतात म्हणायचा. पाण्यात विष आहे म्हणायचा, तेव्हा मी आधी स्वतः घोट घेऊन मग त्याला पेला द्यायचे. माझ्या मावशीचा मुलगा, पाठच्या भावासारखा. पण आजारी माणूस दाराला आतून कडी घालतो का गं? लोकांनी दार तोडलं तेव्हा कडी आतून होती, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं. आधी कोंडलं, मग मारलं. एवढं कळत होतं ना त्याला?

आता लिहू नकोस.

सत्यवती


काचीगुडा
९ जुलै १९९४

सत्याक्का,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. रागाव.

मी त्याला भेटून आले. फाटकावरचा शिपाई माझ्याकडे बघतच राहिला. "अम्मा, इनका कोई आया बोलके बरसों से नै देखा मैं," म्हणाला.

ओमूचे केस पांढरे झालेत. पुढचे दात गेलेत. आपला ओमू, गल्लीतल्या पोरांना गणित शिकवणारा. मला वाटलं ओळखणार नाही. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "त्रिवेणी, चष्मा लागला तुला."

मी त्याला सांगितलं, "ओमू, कोर्टानं तुला सोडलं होतं."

"कधी?"

"एकोणऐंशी साली."

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग मी इथं का आहे?"

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, अक्का. फैसल्याच्या वेळी त्याला समजत नव्हतं, आणि समजायला लागलं तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. आपण शिक्षा भोगतोय असंच तो आजवर धरून चालला होता. त्यातच त्याला बरं वाटायचं, असंही म्हणाला.

पुढं त्यानं विचारलं ते ऐकून मी उठून बाहेर गेले. "आई गुरुवारी यायची. एकाएकी यायची थांबली. मला वाटलं, रागावली. रागावणारच. अजून राग आहे का तिचा?"

आई थांबली, कारण तिला सांगितलं होतं की तो मेला. त्यानंतर ती पाच वर्षं जगली. त्याच्या फोटोला हार घालत जगली.

डॉक्टर भेटले. आवाज ऐकू येणं कित्येक वर्षांपूर्वी थांबलंय, रोज एक गोळी लागते. हा माणूस घरी जाऊ शकतो, त्याच्यापासून कुणाला धोका नाही, असं त्यांनी सरकारला दोनदा कळवलं. उत्तर आलं नाही. कागद कुठल्या कचेरीत पडून आहे, कुणाला ठाऊक नाही. बरीही झाला, बराही झाला, आणि तरी आत.

मग मी कुकटपल्लीला दादाकडे गेले. दादाच्या कारखान्याला परदेशी कंपनीचं काम मिळालंय, नवीन फ्लॅट आहे, टीव्हीवर दुनियेचे चॅनल. त्याच्या मुलीचं, प्रियदर्शिनीचं लग्न अमेरिकेतल्या मुलाशी ठरत आलंय. मी सरळ विचारलं. दादानं नाकारलं नाही. आधी टीव्ही बंद केला.

म्हणाला, "कोर्टानं विचारलं, घरी नेता का? ह्याच्याकडून पुन्हा कुणाला इजा होणार नाही, असं लिहून द्या. कसं देऊ? घरात माझी लहान मुलगी होती. नाही म्हणालो आणि सगळ्यांना जन्मठेप सांगितली. तू दिलं असतंस?"

"आणि मेला म्हणून का सांगितलंस?"

"आई दर गुरुवारी जायची. यायची ती रडत. दोन दिवस जेवायची नाही. कुठंतरी ते थांबवायचं होतं."

"तुला एकदाही वाटलं नाही जाऊन बघावं?"

"वाटलं. पण मेलेल्याला बघायला कसं जायचं, त्रिवेणी?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोरीचं जमतंय. सहा महिने थांब फक्त."

मी चप्पल घातली आणि खाली उतरले. लिफ्टनं नाही, जिन्यानं. दादाचं सगळंच खोटं होतं असं म्हणता येत नव्हतं, म्हणून जास्त घाबरले होते.

मेधा हायकोर्टात अर्ज करतेय. राज्यघटनेत एकविसावं कलम आहे म्हणते. कायद्यानं घालून दिलेल्या रीतीशिवाय कुणाचंही स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. वेड्याचंही नाही. आणि गुन्हेगार नाही म्हणून सोडलेल्याचं तर नाहीच नाही.

त्रिवेणी


नांदेड
१८ ऑगस्ट १९९४

त्रिवेणी,

काल पोलीस ठाण्यातून जमादार येऊन गेला. तुमच्या अर्जावर सरकारी वकिलानं म्हटलंय, मयताच्या बायकोला विचारा. ओमकार सुटला तर तुमच्या जिवाला धोका वाटतो का, असं त्यानं विचारलं.

मी म्हणाले, वाटतो. त्यानं लिहून घेतलं. मी सही केली. तुला दुसऱ्यांकडून कळण्याआधी मीच कळवते.

तुझं ते एकविसावं कलम सुजातानं मला वाचून दाखवलं. त्यात स्वातंत्र्याच्या आधी जीवित हा शब्द आहे. आधी जीव, मग स्वातंत्र्य. नामदेवरावांना ते कलम नव्हतं का लागू? त्यांच्या बाजूनं हायकोर्टात कोण गेलं? मी एकटीनं पोरगी वाढवली तेव्हा घटनेतलं कुठलं कलम माझ्या दारात आलं?

मावशीचं वाचून वाईट वाटलं. ते वेगळं.

सत्यवती


काचीगुडा
२५ सप्टेंबर १९९४

सत्याक्का,

घाबरू नकोस. सुजाता माझ्याकडे आहे. औरंगाबादला शिबिराला जाते असं तुला सांगून निघाली, ती परवा सकाळच्या गाडीनं इथं उतरली. मी तिला ओळखलंच नाही. चालते अगदी नामदेवरावांसारखी.

"मावशी, मला त्यांना भेटायचंय," म्हणाली. मी नको म्हणलं. तुझी शपथ घातली. ती ऐकेना. म्हणाली, "बाबांबरोबर शेवटी त्या खोलीत तेच एकटे होते. मला दुसरं कोण सांगणार?"

मेधाला बोलावलं, डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ओमूला विचारलं. तो हो म्हणाला. डॉक्टर, मेधा, मी, सगळे तिथंच होतो.

सुजाता समोर बसली. ओमू तिच्याकडे मान वर करून बघेना. तिनंच सुरुवात केली. "मी नामदेवरावांची मुलगी. मला रडायचं नाही, भांडायचंही नाही. काय झालं ते सांगा."

तो बोलला ते मी जसंच्या तसं लिहिते.

"मी नळ उपटला होता. त्याचा लोखंडी पाइप हातात होता. बाहेर माणसं जमली होती, त्यांच्या हातात लाठ्या. पागल को मारो म्हणत होते. दाजी गर्दीतून आत आले. त्यांनी दार लावलं आणि कडी घातली. म्हणाले, आता कुणी आत येत नाही ओमू, तू बस."

सुजाता म्हणाली, "कडी कुणी घातली?"

"दाजींनी. ते लोक मला मारतील म्हणून."

"मग?"

"मला वाटलं, हे दाजी नाहीत. दाजींचं रूप घेऊन दुसरंच कुणीतरी आलंय आणि आता मला मारणार. मग मी मारलं."

सुजातानं विचारलं, "नंतर बाबा काही बोलले?"

"माझं नाव घेतलं. मग सुजी म्हणाले. मग काही नाही."

"हे तुम्ही आजपर्यंत कुणाला का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही," ओमू म्हणाला. "कोर्टात मला बोलताच येत नव्हतं. पुढं आठवायला लागलं, तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं."

सुजी म्हणायचे ना गं नामदेवराव तिला? मला माहीत नव्हतं. परत येताना बसमध्ये सुजाता म्हणाली, "मावशी, ते नाव आईसुद्धा घेत नाही." काल दुपारपासून ती माझ्या मागच्या खोलीत झोपून आहे. जेवली नाही, रडलीही नाही. उद्या आमचे हे तिला नांदेडपर्यंत सोडायला येतील. तिला बोलू नकोस.

त्रिवेणी


नांदेड
१४ ऑक्टोबर १९९४

त्रिवेणी,

तुझं पत्र सुजाता घरी आल्यावर मिळालं. तोवर तिनं सगळं सांगितलं होतं. ती सांगत होती आणि मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले. एवढ्या पोळ्या कुणासाठी, असं तिनं विचारलं तेव्हा थांबले.

हे खरं आहे की त्यानं रचलंय, हे सांगायला तिसरं माणूस नाही. आधी मला वाटलं, वकिलीणबाईनं पढवलं असेल. मग सुजीचं आठवलं. पण तेही सोड. मला आमचं लग्न आठवलं. मांडवात दोन पाहुणे हातघाईवर आले होते, तर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव उठून त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. माझ्या आईनं कपाळाला हात लावला होता. त्या माणसानं बाहेर लाठ्या दिसताच दाराला कडी घातली नसती, तरच नवल.

इतकी वर्षं माझा सगळा राग त्या कडीवर होता. आजार मला समजत होता, कडी समजत नव्हती. ती ह्यांनीच घातली होती! आता मी कुणावर रागावू? ह्यांच्यावर? चार दिवस मी ह्यांच्या फोटोशी भांडतेय. पोरगी घरात असताना, मी बाजारातून यायची असताना, तुम्ही का गेलात आत, म्हणून.

परवा ठाण्यात जाऊन आले. जमादाराला म्हणाले, माझं म्हणणं बदलून घ्या, मला धोका वाटत नाही. तो विचारतो, "म्हणजे बाई, तुम्ही माफ केलं का?" मी म्हणाले, "ते विचारायला तुम्हाला पाठवलेलं नाही."

तुलाही तेच सांगते. मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. पण ज्याला कोर्टानं सोडलं, त्याला माझ्या नावावर कुणी आत ठेवलेलं मला चालणार नाही. ह्यांनी त्याला लाठ्यांपासून वाचवायला जीव घालवला, तो काय असं कोंडून ठेवण्यासाठी?

त्याला इथं आणू नकोस. फोटोही पाठवू नकोस.

सत्यवती


काचीगुडा
१२ डिसेंबर १९९४

सत्याक्का,

ओमू घरी आला.

हायकोर्टात मी पहिल्यांदाच गेले. न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला विचारलं, ह्या माणसाला इतकी वर्षं कुठल्या हुकुमानं आत ठेवलंत? तो कागद उलटत राहिला. एकोणऐंशीचा हुकूम होता, सुरक्षित ठेवा म्हणून. डॉक्टरांनी बरा झाल्याचं कळवल्यानंतरचं काहीच नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, "म्हणजे हा गुन्हेगार ठरून ह्याला जन्मठेप झाली असती, तर बहुधा एव्हाना सुटला असता. निर्दोष ठरला म्हणून आत राहिला." वकील म्हणाला, "मायलॉर्ड, नातेवाईक कुणी आले नाहीत." त्यावर ते म्हणाले, नातेवाईक येत नाहीत म्हणून कुणाचा हक्क संपत नाही.

मेधानं मला तेलुगू-इंग्रजीतलं समजावून सांगितलं तेव्हा मी बाकावरच बसले. मला आनंद व्हायला हवा होता. मी एकोणऐंशीपासूनची वर्षं बोटांवर मोजायला लागले.

त्याची हमी लिहून देणारी मी. दादा आला नाही. प्रियदर्शिनी आली होती, एकटीच, काकासाठी नवीन शर्ट घेऊन. लग्नाचं काय झालं, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ओमू तिला नमस्कार करायला लागला, त्याला वाटलं ती कुणी मोठी बाई आहे.

घरात तो विचारून पाणी पितो. तुला काय लिहू, असं मी विचारलं तर म्हणाला, "काही नको. अक्काला त्रास होईल."

पण आज लिहिते ते वेगळ्याच कारणानं. त्याला आणायला गेले तेव्हा वॉर्डाच्या दारात एक म्हातारा माझ्या मागं मागं आला. अंबाजी. मराठी बोलतो, भैंशाकडचा. माझा पदर धरून म्हणाला, "बाई, ह्याचं झालं. माझ्या घरी कोण सांगंल?" मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अंबाजीलाही कोर्टानं सोडलंय, अक्का. ओमूच्याही आधी. बरा होऊनही वर्षं झाली. मेधा म्हणते, ह्या एकाच वॉर्डात असे आणखी आहेत, प्रत्येकासाठी कुणीतरी शोधावं लागेल.

त्याला आणायला जाताना मी डोक्यात आनंदाचे बेत केले होते, कुणाला पेढे द्यायचे, काय करायचं. तो पार विरून गेला. ओमू टॅक्सीत म्हणाला, "अंबाजी चांगला आहे. मला जेवायला उठवायचा."

अंबाजीला गावाचं नाव आठवतं आणि एवढंच: बसस्टँडच्या मागं घर, शेजारी तेलाचा घाणा, बायकोचं नाव कुसुम. दोनदा पत्र टाकलं मेधानं, ते परत आलं.

त्रिवेणी


नांदेड
९ जानेवारी १९९५

त्रिवेणी,

भैंसा इथून दोन तासांवर आहे. तू लिहिलं नसलंस तरी तेवढ्यासाठीच तू ते सगळं सांगितलंस, हे न कळायला मी दूधखुळी नाही. संक्रांतीच्या आधी जाऊन यावं म्हणून काल सुजाताला घेऊन गेले.

घाणा आता नाही, तिथं एसटीडीचा बूथ झालाय. बूथवाल्यानं घर दाखवलं. पुतण्यांचं मोठं कुटुंब आहे. अंबाजीचं नाव काढताच पुतण्या म्हणाला, "तो मेला केव्हाच." अगदी तुझ्या दादासारखं, सरळ तोंडानं. मी म्हणाले, "मेला नाही. माझ्या बहिणीचा पदर धरून उभा होता."

आतून एक म्हातारी बाहेर आली. कुसुमताई. कपाळ मोकळं. तिनं खांबाला धरलं आणि खाली बसली. पुतण्या तिला आत चल म्हणत होता, ती हलेना. मग तिनं मला विचारलं, "पण बाई, तुम्ही त्यांच्या कोण?"

काय सांगणार होते? सुजाता माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याला एका माणसानं मारलं. आजारात. तो माणूस तुमच्या ह्यांच्याच वॉर्डात होता. तो सुटला, म्हणून आले."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. मला तरी कुठं पुरतं कळलंय? तिनं पुन्हा विचारलं, "जेवतात का नीट?" मी म्हणाले, "जेवतात. दुसऱ्यांनाही जेवायला उठवतात." हे तुझ्या पत्रातलं ओमूचं वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं, मला समजलं नाही.

पुतण्यानं दारात आडवं उभं राहून सांगितलं, ह्या घरात वेडा माणूस येणार नाही. कुसुमताई उठली, आत गेली आणि लुगड्याचं गाठोडं घेऊन बाहेर आली. पायात वहाणा नव्हत्या. सुजातानं आपल्या दिल्या.

ती रात्री आमच्याकडेच राहिली. आत्ता माझ्या शेजारी बसलीय, मी काय लिहिते ते विचारतेय. पुढच्या बुधवारच्या गाडीनं मी आणि कुसुमताई निघतोय. काचीगुड्याला उतरू. तू स्टेशनवर ये. मेधाला आण.

ओमूला आणायचं की नाही, ते मी तुझ्यावर सोडते.

तुझी,
सत्याक्का